पोलर प्लंज : अंटार्क्टिकाच्या गार पाण्यातली उडी

पोलर प्लंज म्हणजे ध्रुवीय प्रदेशातील समुद्रात मारलेली क्षणभराची उडी. अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंटार्क्टिकाला जाणाऱ्या अनेक क्रूझवर प्रवाशांना ही संधी मिळते. उडी मारायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

मिठामुळे समुद्राचे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. ते साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. त्यामुळे शून्याच्या आसपासच्या पाण्यातही उडी मारता येते.

धोका कशाचा?

शरीर गारठून जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. पण हायपोथर्मिया व्हायला बहुधा अर्धा तास तरी लागतो. खरा धोका पहिल्या एक-दोन मिनिटांत असतो. त्वचेला एकदम गारवा लागताच माणूस नकळत खोल श्वास घेतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी फुप्फुसात जाऊ शकते. शिवाय नाडी आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात. म्हणून हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उडी मारू नये.

काळजी कोणती?

उडी मारणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोर बांधतात. डॉक्टर जवळ असतात. आधी मद्य घेऊ नये. पाण्यात रेंगाळू नये. बाहेर येताच अंग पुसून कोरडे, उबदार कपडे घालावेत.