सावलीचे मोल : योद्धा-मांत्रिक या पात्राचा नियमबद्ध इतिहास

वाङ्मयीन पात्राचा विचार आपण सामान्यतः पूर्ण झालेल्या संहितेपासून सुरू करतो. टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळात हा क्रम उलटा होतो. तेथे कथा अद्याप घडावयाची असते. हाती असते ती नियमांची संहिता आणि तिच्या आधारे रचलेले पात्र. म्हणूनच अशा खेळाचे नियमग्रंथ ही पात्रसंकल्पनेची एक प्रकारची मीमांसाच ठरते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळात तलवार आणि मंत्र दोन्ही बाळगणारा, सावलीशी नाते सांगणारा योद्धा-मांत्रिक पुन्हा पुन्हा रचला गेला आहे. त्याच्या इतिहासाचे मध्यवर्ती सूत्र सामर्थ्य नसून किंमत आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या पात्राचे वाङ्मयीन पूर्वज खेळाच्या कर्त्यांनी लपविलेले नाहीत. गॅरी गायगॅक्स यांच्या १९७९च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मधील प्रेरणास्रोतांच्या यादीत मायकेल मूरकॉक आणि रॉजर झेलाझ्नी ही नावे आहेत. मूरकॉक यांचा एल्रिक हा राजा आणि मांत्रिक. त्याच्या दुर्बल देहाला बळ देते ती ‘स्टॉर्मब्रिंगर’ ही काळी तलवार. ती आत्मे पिते आणि आप्तांनाही सोडत नाही. झेलाझ्नी यांच्या ‘जॅक ऑफ शॅडोज’ (१९७१) या कादंबरीचा नायक सावलीतून शक्ती घेतो. परंतु निखळ प्रकाशात किंवा निखळ अंधारात तो निर्बल होतो. सावलीच्या व्यवहारात देणे चुकत नाही, हा संकेत याहूनही जुना आहे. शामिसो यांच्या १८१४च्या जर्मन कथेतील पीटर श्लेमील सावली विकून अक्षय धन मिळवितो आणि मानवी समाजातील आपले स्थान गमावून बसतो.

हा संकेत नियमांत उतरला तेव्हा त्याचे रूप पालटले. १९७४च्या मूळ खेळात ‘एल्फ’ वंशाचे पात्र प्रत्येक साहसाच्या आरंभी योद्धा व्हावयाचे की मांत्रिक, हे ठरवू शके. मात्र दोन्ही मार्गांवर त्याच्या प्रगतीला ठरावीक मर्यादा होती. १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने ही व्यवस्था अधिक काटेकोर केली. मानवेतर वंशांतील पात्रांना दोन वर्ग एकाच वेळी घेता येत. परंतु मिळालेले अनुभवगुण दोहोंत विभागले जात. मानवाला हे एकाच वेळी साधत नसे. त्याने योद्ध्याचा मार्ग सोडून मांत्रिकाचा मार्ग धरावा आणि नव्या मार्गावरील पातळी जुनीपेक्षा वर जाईपर्यंत तलवारीचे कसब वापरू नये. वापरल्यास त्या साहसाचे अनुभवगुण गमवावेत, असा तो नियम. येथे किंमत आहे, परंतु ती जन्मावरून ठरते. पात्राच्या वाट्याला काय यावे, हे त्याने काही करण्यापूर्वीच निश्चित झालेले असते.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने वर्ग बदलण्याचे स्वातंत्र्य सर्वांना दिले. प्रत्येक पातळीवर खेळाडू नवा वर्ग निवडू शकतो. वंशाचा प्रभाव उरला तो अनुभवगुणांतील कपातीपुरता. किंमत आता निवडीतच सामावली. पाच पातळ्या तलवारीला आणि पाच मंत्राला दिल्या, तर दहाव्या पातळीवरचे पात्र मंत्रविद्येत निम्मेच राहते आणि चिलखत घातल्यास मंत्र फसण्याचा धोका असतो. याच आवृत्तीतील ‘शॅडोडान्सर’ हा विशेष वर्ग आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे. तो प्रथम सावलीलगत उघड्यावर अदृश्य होतो, पुढे एक सावली सोबतीला बोलावतो आणि त्यानंतर एका सावलीतून दुसरीत उडी घेतो. ती सोबतीण नष्ट झाली तर त्याचे अनुभवगुण घटतात. ‘अनुभव’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयास हवा : सावली गेली की जगलेल्या आयुष्याचा एक अंश जातो. नियमाच्या कोरड्या भाषेत श्लेमीलची कथाच जणू पुन्हा लिहिली गेली आहे.

२०१७च्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’मधील ‘हेक्सब्लेड’ने हे वर्तुळ पूर्ण केले, असे वरवर दिसते. छायालोकातील, सावलीच्या द्रव्यातून घडलेल्या सचेतन शस्त्रांमागील शक्तीशी हा योद्धा करार करतो. अशा शस्त्रांपैकी जी ‘ब्लॅकरेझर’ तलवार तेथे उल्लेखिली आहे, ती लॉरेन्स शिक यांच्या १९७९च्या साहससंहितेतली आणि उघडच एल्रिकच्या तलवारीची वंशज आहे. परंतु करारात देणे काय, याविषयी नियम मौन पाळतो. उलट एकच पातळी घेतली की ‘करिश्मा’ हा एकच गुणांक मंत्र आणि शस्त्र दोहोंना पुरतो. साहजिकच इतर वर्गांचे योद्धे तेवढ्यापुरते या करारात शिरू लागले. विसाव्या पातळीपर्यंतचे पात्र पहिल्या खेळापूर्वीच कागदावर आखून ठेवता येते. पात्र हे चरित्र न राहता अंदाजपत्रक होते.

यावर आक्षेप घेता येईल की, किंमत नियमात नसली तरी खेळ चालविणारा ती कथेत वसूल करू शकतो. आक्षेप रास्त आहे. परंतु नियम जे मोजतो तेच खेळाडू गांभीर्याने घेतो, हेही विसरता येत नाही. दुसऱ्या बाजूने, जुन्या नियमांविषयी हळहळण्याचेही कारण नाही. जन्माने भवितव्य ठरविणारी व्यवस्था मोडणे आवश्यकच होते. २०२४च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने ‘वंश’ ही संज्ञाही टाकून तिच्या जागी ‘प्रजाती’ स्वीकारली, हे त्याच वाटचालीतील पाऊल होय.

प्रश्न उरतो तो असा की, जन्माने लादलेली किंमत नाकारताना कृतीने स्वीकारलेली किंमतही आपण टाकून दिली काय? या दोहोंत मूलभूत भेद आहे. पहिली अन्याय असते, दुसरी कथा असते. तिसऱ्या आवृत्तीतील त्या सावलीने हा भेद काही काळ सांभाळला होता : ती कोणाच्या जन्माला चिकटलेली नव्हती, तिला बोलवावे लागे, आणि बोलावल्यावर ती गमावण्याचे भय पत्करावे लागे. ज्या सावलीला गमावता येत नाही, तिला पात्राची सावली म्हणता येईल काय, याचा विचार कथनमीमांसेने करावयास हवा.