संवेदकाची साक्ष : अवजड बांधकाम यंत्रांतील विद्युत दोषनिदानाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

रस्ते, धरणे व बोगदे यांच्या इतिहासात अभियंते, कंत्राटदार आणि मजूर यांची नोंद कमीअधिक प्रमाणात आढळते. परंतु या कामांवरील यंत्रे बंद पडल्यावर ती पुन्हा सुरू करणाऱ्या मेकॅनिकच्या ज्ञानाचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला आहे. डोझर, एक्सकॅव्हेटर, लोडर यांसारख्या यंत्रांच्या इंजिनावर आज अनेक संवेदक, म्हणजेच सेन्सर, बसविलेले असतात. त्यांनी दिलेली माहिती खरी की खोटी, हे ठरविण्याची पद्धत कशी विकसित झाली याचा आढावा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. इंजिनातील खरा बिघाड आणि बिघाडाची खोटी बातमी यांत भेद करता येणे, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची पायरी होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

यांत्रिक कालखंड :

१९२५ मध्ये अमेरिकेतील होल्ट व बेस्ट या कंपन्यांच्या विलीनीकरणातून कॅटरपिलर कंपनी स्थापन झाली आणि १९३१ मध्ये तिने आपला पहिला डिझेल ट्रॅक्टर बाजारात आणला. त्या काळातील इंजिनात इंधनाचे नियमन पंप व गव्हर्नर या यांत्रिक साधनांनी होत असे. तेलाचा दाब दाखविण्यासाठी फ्रेंच अभियंता यूजीन बोर्डों याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वक्र नळी उपयोगात येई. इंजिनातील तेलाचा दाब बारीक नळीतून थेट चालकासमोरील घड्याळापर्यंत पोहोचे. ही नळी फुटली तर तेल गळताना डोळ्यांनी दिसत असे. धुराचा रंग, इंजिनाचा आवाज व हाताला जाणवणारी उष्णता ही निदानाची अन्य साधने होती.

एकेरी तारेचा काळ :

पुढे नळीच्या जागी तार आली. १८३३ मध्ये मायकेल फॅरडे याने सिल्व्हर सल्फाइडचा विद्युतरोध तापमान वाढल्यावर कमी होतो, असे निरीक्षण नोंदविले होते. याच गुणधर्माच्या पदार्थांपासून बनविलेले तापमानदर्शक घटक इंजिनात वापरले जाऊ लागले. येथे एक नवीन अडचण उद्भवली. घटकाकडे जाणारी तार घासून यंत्राच्या सांगाड्याला टेकली, तर इंजिन थंड असूनही काटा कमाल तापमान दाखवी; आणि तार तुटली, तर इंजिन उकळत असतानाही काटा थंडच राही. गळणारी नळी दिसत असे, तुटलेली तार मात्र दिसत नसे. काट्याच्या साक्षीवर विसंबावे की नाही, हे मेकॅनिकने अनुभवानेच ठरवायचे होते.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण व जिवंत शून्य :

१९८५ मध्ये डेट्रॉइट डिझेलने अवजड डिझेल इंजिनासाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण प्रणाली आणली. १९८६ मध्ये बॉश कंपनीने कॅन ही संदेशवहन पद्धती जाहीर केली. १९९४ मध्ये अमेरिकेने रस्त्याबाहेरील डिझेल यंत्रांसाठी उत्सर्जन मानके निश्चित केली व १९९६ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. पुढील कठोर टप्प्यांनी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाला गती दिली. आता संवेदकाची माहिती केवळ चालकासाठी राहिली नाही. तिच्या आधारे संगणक इंधनाचे प्रमाण ठरवू लागला, प्रसंगी इंजिनाची शक्ती घटवू किंवा ते बंदही करू लागला. त्यामुळे खोट्या बातमीची किंमत वाढली.

यावरील उपाय कारखान्यांतील मापनशास्त्रात आधीच रूढ होता. शून्य परिमाण दर्शविण्यासाठी शून्य संकेत वापरायचा नाही, हे ते तत्त्व. इंजिनातील दाबसंवेदकाला सामान्यतः ५ व्होल्टचा पुरवठा दिला जातो. परंतु त्याचा संकेत साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट या मर्यादेतच राहतो. संकेत या मर्यादेबाहेर गेल्यास दोष तेलाचा नसून विद्युतमंडलाचा आहे, हे संगणकाला ओळखता येते.

दोषांची भाषा :

१९९० च्या दशकात अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने विकसित केलेल्या जे-१९३९ मानकाने हा भेद अंकांत बांधला. त्यात पहिला अंक विषय सांगतो : १०० म्हणजे तेलाचा दाब, ११० म्हणजे शीतकाचे तापमान, १९० म्हणजे इंजिनाची गती. दुसरा अंक दोषाचा प्रकार सांगतो. १००-१ याचा अर्थ तेलाचा दाब खरोखर धोकादायकरीत्या कमी झाला आहे; १००-४ याचा अर्थ संकेताचे व्होल्टेज प्रमाणापेक्षा कमी आहे. पहिल्या प्रसंगी इंजिन तत्काळ थांबवणे आवश्यक, तर दुसऱ्या प्रसंगी वायरिंग तपासणे.

तथापि अंक दोषाचा प्रकार सांगतो, जागा सांगत नाही. ती शोधण्याची रीत साध्या तर्कावर आधारलेली आहे. १००-४ आल्यास संवेदकाचा कनेक्टर काढावा. अनेक रचनांमध्ये मंडल खंडित होताच व्होल्टेज वर जाते. दोष ४ वरून ३ झाला, तर तारा व संगणक ठीक असून शॉर्ट संवेदकातच आहे. ४ कायम राहिला, तर दोष तारांमध्ये किंवा संगणकात असण्याची शक्यता असते. एकाच वेळी अनेक संवेदकांचे दोष उमटल्यास त्यांच्या सामाईक ५ व्होल्ट पुरवठ्यावर संशय घ्यावा. कंपने, धूळ, पाणी व घासलेले आवरण यांमुळे बांधकाम यंत्रांत तारा व कनेक्टर बिघडण्याचे प्रमाण मोठे असते. म्हणून आधी तार ओढून पाहणे, पिना गंजल्या आहेत का ते तपासणे आणि मगच संवेदक बदलणे हा क्रम योग्य ठरतो.

भारतीय संदर्भ :

पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना सुरू झाल्यापासून डिझेल इंजिनांची जाण असलेल्या कारागिरांच्या पिढ्या महाराष्ट्रात घडल्या. १ एप्रिल २०२१ पासून भारतात बांधकाम यंत्रांसाठी भारत स्टेज-४ मानके लागू झाली आणि इलेक्ट्रॉनिक इंजिने कामाच्या जागी सर्वत्र पोहोचू लागली. आवाजावरून निदान करणाऱ्या कारागिराला आता मल्टीमीटर व विद्युतमंडलाचा नकाशा वाचावा लागतो. हे शिक्षण न मिळाल्यास अंक पाहून चांगला संवेदक फेकला जातो आणि दोष तारेतच राहतो.

निष्कर्ष :

साधने बदलली तरी साक्षीदाराची परीक्षा घेणे हे निदानाचे मर्म बदललेले नाही. संगणकाने ही परीक्षा सुलभ केली, परंतु अंतिम निर्णय अद्याप कनेक्टर काढून पाहणाऱ्या माणसाच्या तर्कावरच अवलंबून आहे. म्हणूनच तंत्रशिक्षणात अंकांच्या पाठांतरापेक्षा या तर्काला आणि त्याच्या इतिहासाला स्थान मिळणे आवश्यक आहे.