बोटांनी पाहिलेली चित्रे

प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज हे नाव आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील जुन्या घरांना नवे नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८८१ साली जन्मलेल्या महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरीही १९१५ पर्यंतच्या अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. अंध माणूस गातो, कीर्तन करतो, ग्रंथ सांगतो, हे आपल्या समाजाने सूरदासांपासून मान्य केले आहे. पण अंध माणूस चित्र काढतो म्हटले, की आपण थबकतो. चित्र म्हणजे डोळ्यांचेच काम, असे आपण धरून चालतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

बंगालचे विनोदबिहारी मुखर्जी यांचा जन्म १९०४ चा. लहानपणापासून एका डोळ्याने दिसत नव्हते, दुसऱ्याने अंधूक. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली ते शिकले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. तेथील हिंदी भवनात १९४६-४७ मध्ये त्यांनी मध्ययुगीन संतांचे भव्य भित्तिचित्र रंगवले. त्यानंतर दहाएक वर्षांनी डोळ्यांची शस्त्रक्रिया फसली आणि उरलीसुरली दृष्टीही गेली.

चित्रकाराचे आयुष्य तिथेच संपायचे. पण विनोदबिहारी कागद चाचपून घड्या घालू लागले, कात्रीने आकार कापू लागले, मेणाच्या छोट्या आकृत्या घडवू लागले. अशाच कागदी आकारांवरून १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचे मोठे चित्र उभे राहिले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा लघुपट काढला. १९७४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

विनोदबिहारींनी जग आधी पाहिले होते, असे कोणी म्हणेल. तुर्कस्तानचे एशरेफ आर्मागान हे तर १९५३ साली जन्मले तेच अंध. ते आधी टोकदार सळईने कागदावर उठावदार रेघ ओढतात. एका हाताची बोटे त्या रेघेवर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी रंग भरतात. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा लावत नाहीत, नाहीतर रंग एकमेकांत मिसळतील. ते चित्र काढत असताना अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी त्यांच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा आपल्याला दिसताना जो भाग काम करतो, तोच भाग त्यांच्या मेंदूत जागा झालेला आढळला. अमेरिकेचेच जॉन ब्रॅम्ब्लिट यांची दृष्टी २००१ मध्ये गेली. ते रंगांत निरनिराळे पदार्थ मिसळून एखादा रंग दाटसर, एखादा पातळ करतात आणि बोटांनी रंग ओळखतात.

म्हणजे आकार, अंतर, कड आणि गोलाई हे सारे हातालाही कळते. आपले मूर्तिकार गणपतीची सोंड घडवताना शेवटचा हात फिरवतात, तो हाच स्पर्श.

हे लिहिण्याचे कारण आपल्या घरचेच आहे. २०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याच्या शाळांतही चित्रकलेच्या तासाला अंध मूल बाजूला बसून राहिले, तर नवे काय झाले? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवनाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे आणि कलाविषयांचे अभ्यासक्रम त्यांना सोयीचे करण्याबद्दलही सांगितले आहे. पण कायदा गावात आणावा लागतो तो माणसांनीच.

त्याला खर्चही फार नाही. रबराच्या तुकड्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवून बॉलपेनने जोर देऊन रेघ ओढली, की ती बोटांना लागते. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवली तरी घर, बैल, झाड उमटते. शाडूची माती तर गणेशोत्सवात आपल्या हाताशीच असते.

मंडळांच्या चित्रकला स्पर्धेत पुढच्या वर्षी अशा मुलांसाठी एक सतरंजी अंथरावी, सुतळी, पुठ्ठा आणि माती ठेवावी, आणि त्यांची चित्रे इतरांच्या चित्रांच्या रांगेतच लावावीत. पाहणाऱ्यांनाही त्या चित्रांना हात लावून पाहू द्यावा. बुद्धिदात्याच्या उत्सवात एवढे आपल्याला सहज जमण्यासारखे आहे.