टेबलामागच्या बाई

बोरगाव-निपाणी पट्ट्यातल्या एखाद्या वाचनालयात आज आपण गेलो, आणि टेबलामागच्या बाईंनी पुस्तकाचा दाखल क्रमांक नोंदवहीत उतरवून वही सहीसाठी पुढे सरकवली, तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. वहीच्या एकाच पानावर मराठी आणि कानडी सह्या एकमेकींखाली असतात. पण त्या खुर्चीपर्यंतची वाट फार लांबची आहे. ती शोधायला आपण 1848 सालापर्यंत मागे जाऊ. त्या वर्षी बेळगावात सार्वजनिक वाचनालय निघाले, आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा उघडली. म्हणजे पुस्तकांची कपाटे उभी राहत होती, पण त्यांतली पुस्तके मागणाऱ्या मुली नुकत्या कुठे मुळाक्षरे गिरवू लागल्या होत्या.

पुढचा धागा थेट न्यूयॉर्कला सापडतो. जानेवारी 1887 मध्ये मेल्विल ड्युई यांनी कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालांचे पहिले विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते, आणि त्यांत सतरा स्त्रिया! विश्वस्तांना हे रुचले नाही, त्यांनी वर्गासाठी खोली नाकारली. ड्युईंनी अडगळीची एक खोली झाडून घेतली आणि तिथेच शिकवायला सुरुवात केली. या विद्यालयात शिकवणाऱ्यांमध्ये विल्यम बॉर्डन होते. आपल्याकडे हा धागा त्यांनीच आणला.

कवळाण्याच्या मातीत वाढलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. शाळा सोडल्यावर अक्षरओळख पुसली जाऊ नये म्हणून गावोगाव वाचनालये हवीत, हे त्यांनी ओळखले आणि 1910 मध्ये बॉर्डनना बोलावून घेतले. राजवाड्यातले सुमारे वीस हजार ग्रंथ लोकांसाठी खुले झाले, आणि 1911 मध्ये ग्रंथपालांचा वर्ग भरू लागला. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांची लाकडी पेटी जाई. वाहतुकीचा खर्च संस्थान सोसत असे, त्यामुळे खेड्यातल्या वाचकाला पदरचा पैसा मोडावा लागत नसे. मला मात्र या साऱ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते मध्यवर्ती ग्रंथालयातले स्त्रियांचे स्वतंत्र दालन. पुरुषांच्या गर्दीत पाऊल टाकायला संकोचणारी गृहिणी तिथे निवांत बसे, आणि पुस्तक काढून द्यायला समोर बाईच असे. पुस्तक मागायला आलेल्या बाईची भीड मोडते ती अशीच.

त्यानंतरची पावले भराभर पडली. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. सीमेच्या या बाजूला, म्हणजे आजच्या कर्नाटकात, तसा कायदा 1965 मध्ये आला, महाराष्ट्रात 1967 मध्ये. दरम्यान 1961 मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवू लागले आणि खुर्चीवर बसणाऱ्या बाईंच्या हाती पदविका आली.

दरवर्षी 12 ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जन्मदिनी, ग्रंथपाल दिन साजरा होतो आणि त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. तो घालायलाच हवा. पण त्या दिवशी शेजारी बडोद्याच्या स्त्री-दालनाचेही एक चित्र ठेवावे, आणि पहिले फूल टेबलामागच्या बाईंनी वाहावे, असे मला फार वाटते.