फ्लॉरेन्सचे स्तुतिगायक व त्यांची बिदागी

जुबिलीचा दिवस ठरला कीं गायनाची वाटाघाट सुरू होते. आपल्या गांवचे गाणारे पुरे पडतील, कीं बाहेरून चार कसलेले गळे बोलवावे, आणि बोलवावे तर त्यांस बिदागी काय द्यावी, हा प्रश्न कोणत्याहि धर्मग्रामाच्या पंचांस चुकलेला नाहीं. वाद्य न घेतां केवळ कंठावर सभा राखणाऱ्या मंडळींस हल्लीं लग्नसमारंभापासून देवळाच्या सणापर्यंत बोलावणीं येतात. हा प्रकार नवा वाटतो. परंतु सुमारें सातशें वर्षांपूर्वीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरच्या भाविकांपुढें हाच प्रश्न आला होता, व त्यांचे जमाखर्च अद्याप शाबूत आहेत.

तेराव्या शतकांत फ्रान्सिस्कन व डोमिनिकन संन्यासी इटलीच्या शहरांतून उपदेश करूं लागले, तेव्हां त्यांच्या मठांच्या आश्रयानें प्रापंचिक लोकांचीं मंडळें निघालीं. देवळांतील उपासना लॅटिन भाषेंत चाले. ती विणकराला काय कळणार? म्हणून दिवसाचें काम आटोपल्यावर हे लोक पवित्र मरियेच्या चित्रापुढें मेणबत्त्या लावून जमत व आपल्या बोलींत स्तुतिगीतें गात. त्या गीतास 'लाउदा' म्हणत व गाणाऱ्यांस 'लाउदेसी'. सिएना येथील अशा एका मंडळास १२६७ सालीं बिशपांची मान्यता मिळाली. कोर्तोना गांवच्या मंडळाची स्वरलेखनासह पोथी आजहि तेथील ग्रंथालयांत आहे. तींतील सूर एकेरी असून, अंतरा जाणत्यानें म्हणावा व ध्रुपद सर्वांनीं उचलावें अशी गीतांची रचना आहे. आपल्याकडील भजन ज्यानें ऐकलें आहे त्यास हें अधिक समजावून सांगावयास नको.

हे लोक भोळे होते असें मात्र कोणीं समजूं नये. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला या देवळांतील लाउदेसींनीं १५ एप्रिल १२८५ रोजीं दुच्च्यो नांवाच्या चित्रकाराशीं माउलीच्या चित्राचा करार केला. मोल १५० लीरा. आणि चित्र पसंत न पडल्यास मंडळ तें घेण्यास बांधलेलें नाहीं, अशी अट! तें साडेचार मीटर उंचीचें चित्र आतां उफ्फीत्सी संग्रहालयांत आहे, व तें पाहावयास जगभरचे लोक जातात. तें संध्याकाळच्या गाण्यासाठीं करविलें होतें हें त्यांतील किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे.

पुढें या मंडळांस मृत्युपत्रांनीं देणग्या येऊं लागल्या. मरणारा मनुष्य कांहीं रक्कम किंवा घर मंडळाच्या नांवें करी, आणि आपल्या आत्म्यासाठीं दर वर्षीं नेमल्या दिवशीं स्तुतिगीतें म्हणावीं असें लिहून ठेवी. १३४८ च्या महामारींत तर देणग्यांचा पूर लोटला. ओर्सानमिकेले येथील मंडळास साडेतीन लक्ष फ्लोरिन मिळाले, असें मात्तेओ व्हिल्लानी या तत्कालीन बखरकारानें नमूद केलें आहे. धन आलें, पण त्याबरोबर ऋणहि आलें. रोगानें शहर अर्धें ओस पाडलें असतां इतकीं गीतें म्हणावयाचीं कोणीं? मृताला दिलेला शब्द तर मोडतां येत नाहीं. वेतनावर गाणारे ठेवण्याची चाल त्या शतकांत वाढली ती अशा निकडीनें. हे गायक दरबारी कलावंत नव्हते. बहुतेक शहरांतील कारागीरच, आज या मंडळांत तर उद्यां त्या मंडळांत गाणारे. 'भाडोत्री' या शब्दांत आपण जो तुच्छभाव मिसळतों तो त्यांस लावणें मला अन्यायाचें वाटतें. मेलेल्यांचे दिवस त्यांनींच पाळले.

तथापि याची किंमत पडलीच. पंधराव्या शतकांत अनेक सुरांची गुंफण असलेलीं गीतें प्रचारांत आलीं. तीं उत्तम होतीं, पण रात्रीं थकून आलेल्या लोंकरवाल्याच्या गळ्यांत बसण्यासारखीं नव्हतीं. ज्यांच्या पणजोबांनीं ध्रुपद उचललें होतें ते आतां मेणबत्ती हातीं धरून ऐकत उभे राहिले. साव्होनारोला या डोमिनिकन उपदेशकानें या गुंतागुंतीच्या गायनाविरुद्ध पुष्कळ कंठशोष केला, व साधीं गीतें लोकांच्या तोंडीं पुन्हां घालण्याची खटपट केली. १४९८ सालीं त्याला देहदंड झाला. त्याच्या इतर मतांचा निवाडा येथें करण्याचें कारण नाहीं.

मूळचे फ्लॉरेन्सचे संत फिलिप नेरी यांनीं ही परंपरा रोमला नेली. त्यांच्या प्रार्थनासभांसाठीं आनिमुच्च्या या त्यांच्याच गांवच्या संगीतकारानें १५६३ सालीं लाउदांचें पुस्तक छापलें, व तें मुद्दाम सोपें ठेविलें. १५७० सालच्या दुसऱ्या भागांत मात्र तोच लिहितो कीं, सभेस आतां धर्माधिकारी व सरदार येऊं लागल्यामुळें संगीत अधिक भरदार करणें भाग पडलें. श्रोते बदलले कीं गाणें बदलतें, तें असें! याच संतांनीं १५४८ सालीं स्थापिलेल्या पवित्र त्रैक्याच्या बंधुमंडळानें १५७० नंतरच्या दशकांत उपवासकाळच्या गायनासाठीं खुद्द पालेस्त्रिना यांस ठरविलें होतें. पोपमहाशयांच्या सिस्टाइन प्रार्थनामंदिरांत ऑर्गन नसे. तेथील वाद्याविना गायनाच्या रीतीवरूनच 'आ काप्पेल्ला', म्हणजे प्रार्थनामंदिराच्या धर्तीचें, हें नांव रूढ झालें.

त्याच रोम शहरांत १५७५ पासून थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज तरुण येशूसंघांत शिक्षण घेत होता. तो १५७९ सालीं गोव्यास आला. तेथें फादर स्टीफन्स यांनीं नवख्रिस्ती लोकांसाठीं जो ग्रंथ रचिला, त्याला त्यांनीं जात्यावर व देवळाच्या ओसरीवर लोकांच्या तोंडीं असलेली ओवी घेतली. सुमारें अकरा हजार ओव्यांचें हें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राचोल येथें छापलें, व पुढें आणखी दोनदां. त्या तिन्ही छापांची एकहि प्रत आज सांपडत नाहीं. १९०७ सालीं मंगळूरास जी आवृत्ति निघाली ती ख्रिस्ती कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या हातानें उतरून घेतलेल्या व घरांत म्हटल्या जाणाऱ्या पोथ्यांवरून.