कोसंबी–कार्तां पत्र

(१९३३). गतीच्या समीकरणांतून भूमिती कशी काढावी, या प्रश्नावर फ्रेंच गणिती एली कार्तां (१८६९–१९५१) यांनी दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांना लिहिलेले पत्र. कोसंबी–कार्तां–चर्न सिद्धान्ताच्या मुळाशी ते आहे.

भौतिकीतले गणित पत्रांतून घडवण्याची रीत व्हिक्टोरियन ब्रिटनमध्ये मुरली. मॅक्सवेल, टेट आणि विल्यम टॉमसन या भौतिकशास्त्रज्ञांमध्ये पोस्टकार्डांची सतत ये-जा असे. कार्तांही याच वळणाचे. १९२९ ते १९३२ या काळात आइनस्टाइनशी त्यांचा समांतरतेच्या प्रश्नावर पत्रव्यवहार झाला.

गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले कोसंबी या पत्राच्या वेळी पंचविशीत होते. फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांच्या बोलावण्यावरून ते अलीगढला गेले आणि तेथून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्यांचा प्रश्न मूलगामी होता. वक्र अवकाशातल्या सर्वांत जवळच्या वाटा एरवी अंतराच्या सूत्रावरून काढतात. कोसंबींनी क्रम उलटा केला. अंतराचे सूत्र नाही, हाती फक्त वाटांची द्वितीय क्रमाची अवकल समीकरणे आहेत; मग तेथे समांतरता कशी ठरवायची? न्यूटनच्या गतिनियमातून येणारी समीकरणे याच जातीची असल्याने हा प्रश्न थेट भौतिकीला भिडतो. दोन शेजारच्या वाटा पुढे एकमेकींजवळ येतात की दुरावतात, हे सांगणाऱ्या समीकरणाचा आधार त्यांनी घेतला.

ही मांडणी करणारा कोसंबींचा निबंध ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकाच्या ३७व्या खंडात आला आणि त्याला लागूनच कार्तांच्या पत्रातील उतारा छापला गेला. त्यात कार्तांनी तोच विषय आपल्या पद्धतीने मांडला होता. साठी ओलांडलेल्या, जगन्मान्य गणितज्ञाने एका तरुणाच्या कामाची अशी दखल घ्यावी, हे दोघांनाही भूषणावह आहे. १९३९ मध्ये गणिती शिंग-शेन चर्न यांनी हा सिद्धान्त पुढे नेला. गतिमान व्यवस्थांची स्थिरता तपासण्यासाठी आज तो विश्वरचनाशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत वापरला जातो.

कोसंबी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. मराठी वाचक त्यांना प्रामुख्याने इतिहासकार म्हणून ओळखतो. ही ओळख अपुरी आहे; त्यांच्या भूमितीलाही मराठीत तितक्याच तपशिलाने जागा मिळायला हवी.