समतेची कसोटी : चाचणी-विधानांचा इतिहास आणि हेमलकसा येथील एक नोंद

आज्ञावलीच्या मधल्या टप्प्यांवर तपासता येतील अशी विधाने ठेवावीत, ही कल्पना ॲलन ट्युरिंग यांनी जून १९४९ मध्ये केंब्रिज येथील परिषदेत मांडली. मोठ्या बेरजेचे हातचे लिहून ठेवले, तर प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे पडताळता येतो, हा त्यांचा दाखला होता. रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) व टोनी होअर (१९६९) यांनी तिला तर्कशास्त्रीय रूप दिले. रोजच्या व्यवहारात मात्र ही विधाने सिद्धतेपेक्षा चाचणीच्या कामी आली. केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉकसाठी चाचणीचा साचा प्रसिद्ध केला आणि १९९७ मध्ये एरिक गॅमा यांच्यासह जावासाठी ‘जेयुनिट’ रचले. त्यातील सर्वाधिक वापरले गेलेले विधान असे : अपेक्षित मूल्य आणि प्रत्यक्ष मूल्य समान आहेत.

पुढचा इतिहास या विधानाच्या अपुरेपणाचा आहे. जेयुनिटच्या ४.४ आवृत्तीने २००७ मध्ये ‘हॅमक्रेस्ट’ची जुळणी-पद्धत सामावून घेतली, २०१७ मधील पाचव्या आवृत्तीने ती वगळून ‘असर्टजे’, ‘हॅमक्रेस्ट’ किंवा ‘ट्रुथ’ यांतील निवड वापरणाऱ्यावर सोपविली. ही निवड बहुधा वाचनसुलभतेवर केली जाते. मराठी मजकुरापुढे तो निकष तोकडा पडतो. ‘समान’ कशाला म्हणावे, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

‘कऱ्हाडे’ हे आडनाव घेऊ. त्यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. युनिकोडच्या नियमानुसार दोन्ही रूपे समतुल्य आहेत. पडद्यावरही ती सारखीच दिसतात. साधी तुलना मात्र त्यांना भिन्न ठरवते, आणि चाचणी फसल्याच्या संदेशात एकच नाव दोनदा वाचावे लागते! रुग्णालयाच्या नोंदवहीत याचा अर्थ एका रुग्णाचे दोन रुग्ण होणे असा होऊ शकतो. सामान्यीकरणही सरसकट एका दिशेने जात नाही. प्रचलित संयुक्त रूपात ‘र’ व नुक्ता मिळून ‘ऱ’ होतो. हिंदीतील ‘गढ़चिरौली’मधला ‘ढ़’ मात्र विलगच राहतो.

हा ‘गढ़चिरौली’ छत्तीसगडच्या सीमेलगत सहज भेटतो. त्याचे सामान्यीकरण केले, तरी मराठी ‘गडचिरोली’शी त्याची तुलना फसणारच, कारण येथे भेद संकेताचा नसून लेखनाचा आहे. तिसरा भेद कालाचा. हेमलकसा येथे डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तो परिसर चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. म्हणजे एकाच गावाच्या दोन पत्त्यांत दोन जिल्हे, आणि दोन्ही बरोबर.

तेव्हा लायब्ररी निवडताना दोन गोष्टी पाहणे इष्ट : तुलनेचा नियम स्वतः पुरविता येतो काय, आणि चाचणी फसल्यावर दोन मूल्यांतील संकेतभेद दाखविता येतो काय. ‘असर्टजे’मध्ये स्वतःचा तुलनाकार देता येतो, ‘हॅमक्रेस्ट’मध्ये स्वतःचा जुळणीकार लिहिता येतो व त्यातच फसण्याचे वर्णनही घालता येते. या सोयीने पहिला भेद मिटतो, दुसऱ्यासाठी पर्यायी लेखनांची सूची जोडावी लागते. तिसऱ्यासाठी नोंदीची तारीख तुलनेत घ्यावी लागते. अन्यथा १९७३ च्या नोंदीतील ‘चंद्रपूर’ चूक ठरेल.